नन्सच्या टेकडीवरची प्रदक्षिणा

फिलोमेनाचा जन्म वांचाकोचा, समुद्रकाठचा. लहानपणापासून तिने जुन्या मातीच्या भिंती रोज पाहिलेल्या. दगडी भिंती बघायच्या तर डोंगरात जायला हवं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पन्नाशी उलटल्यावर मासळीचं दुकान सुनेच्या ताब्यात दिलं आणि ती निघाली मार्कावामाचुकोला. इंका राजे यायच्या कितीतरी आधीची ती डोंगरावरची दगडी वस्ती, आता ओसाड. वाटाड्या नको, सहलीची गाडी नको, आपलं आपण जायचं. नवऱ्याने, लिबोरियोने, हो म्हटलं, पण सोबत आपली थोरली बहीण धाडली.

या ओतिलिया वन्संचा स्वभाव असा की, गाडी सुटण्याआधीच त्यांनी ती उशिरा पोचणार म्हणून जाहीर केलं. त्रुहियोहून बस वळणं घेत वर चढत राहिली आणि वन्सं सुस्कारे टाकत राहिल्या.

वामाचुकोत रात्र काढून सकाळी दोघी टॅक्सीने पायथ्याशी उतरल्या. चढ दमवणारा होता. फिलोमेना दर वळणावर थांबून खाली बघायची.

"बघ, बघ," वन्सं म्हणाल्या. "श्वास लागलाय म्हणून थांबतेस आणि नाव देखाव्याचं."

"तुम्ही का थांबता मग?"

"तुझ्यावर लक्ष ठेवायला."

पठारावर पोचल्या तेव्हा ऊन होतं. लांबच लांब तटबंदी आणि तिच्या पलीकडे, नन्सची टेकडी म्हणतात त्या उंचवट्यावर, पडके गोल वाडे, दुहेरी भिंतींचे. फिलोमेनाने एका दगडावर हात ठेवला, तो गार होता. तिला उगीचच हसू आलं.

एवढ्यात दरीतून धुकं चढलं आणि बघता बघता त्याने सगळं पुसून टाकलं.

"आता परत जायचं," वन्सं म्हणाल्या.

"आत्ता तर आलो. जरा थांबू, जाईल ते."

"मी सांगतेय ना. लिबोरियोला काय तोंड दाखवू?"

"त्याला तोंड दाखवायला मी आहे की."

झालं. वन्सं तणतणत डावीकडे गेल्या. फिलोमेनाही हट्टाने उजवीकडे वळली. भिंतीला हात लावून चाललं की कुठेतरी शेवट येईलच, असा तिचा हिशेब. पण भिंत काही संपेना. थोड्या वेळाने राग ओसरला आणि काळजी वाटू लागली.

"वन्सं! कुठे आहात?"

"मी कशाला कुठे असेन? तूच हरवलीस!" आवाज पलीकडून आला. फिलोमेना माघारी फिरून त्या दिशेला झपझप निघाली. पुन्हा हाक मारली, तर आवाज आता दुसऱ्याच बाजूने.

"एका जागी थांबा हो!"

"तू थांब! मी येतेय!"

दोघीही थांबेनात. फिलोमेनाला धाप लागली, चप्पल ओली झाली, आणि मनात येऊ लागलं की म्हातारीला काही झालं तर आपणच जबाबदार. शेवटी आवाज बंदच झाला. ती जवळजवळ धावतच सुटली.

आणि थेट वन्संच्या पायाला अडखळली. वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या, शालीच्या टोकात भाजलेला मका घेऊन.

"दमले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता काही होवो, आधी खाऊन घ्यावं."

फिलोमेनाने त्यांना मिठीच मारली. वन्संनी तिच्या पाठीवर ओला हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

भिंतीच्या खिंडारातून कोणीतरी खाकरलं. आत मेंढरं दाटीने उभी होती आणि त्यांच्यामध्ये एक धनगरीण चातीवर लोकर कातत बसली होती.

"नवस पुरा झाला का?" तिने विचारलं.

"कसला नवस?" फिलोमेना म्हणाली.

"मघापासून एक जाते, मग दुसरी जाते. पुन्हा पहिली. मला वाटलं, देवाला हाका मारत प्रदक्षिणा घालताय. मध्ये कशाला बोलायचं?"

तेव्हा कुठे दोघींच्या लक्षात आलं. म्हणजे हीच एक गोल भिंत. हिच्याभोवतीच त्या एकमेकींना शोधत गरगर फिरत होत्या. वन्संच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि कधी न हसणारी ती बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

धनगरणीचं नाव गुमेर्सिंदा. तिने दोघींना आत ओढून घेतलं, उकडलेले बटाटे पुढे केले. मेंढरांच्या उबेत तिघी बटाटे आणि मका खात बसल्या. गुमेर्सिंदाला समुद्राबद्दल विचारायचं होतं: तो रात्रीही आवाज करतो का, आणि मग तुम्ही झोपता कशा?

धुकं विरलं तेव्हा दगड उन्हात वाफाळत होते.

"चला, उतरू या," फिलोमेना म्हणाली. "दुपारची गाडी जाईल."

"जाऊ दे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी तिचा दंड धरला. "तो पलीकडचा मोठा वाडा राहिला ना बघायचा?"

आणि त्या पुढे झाल्या.