जकात चुकवणारं दूध

त्या उन्हाळ्यात माझ्या तान्ह्या गास्पारचं पोट सारखं बिघडत होतं. आमचं गाव लोखंडाच्या खाणीचं, गायी नाहीत. सकाळी आलेलं दूध दुपारी उकळलं की फाटायचं. फ्रान्समध्ये आमचं गाव, हद्दीच्या दगडापलीकडे लक्झेंबर्गमध्ये शेजाऱ्यांचं. फाटणं दोन्हीकडे सारखंच.

दूध थंड ठेवायचं यंत्र महायुद्धानंतरच्या अमेरिकेच्या मदतीतून मिळणार होतं. ते द्यायला आलेले हॅस्केलसाहेब म्हणाले, "दोन्ही गावांनी मिळून मागा, तरच. वॉशिंग्टनला युरोप एक झालेला हवाय."

"एक होऊ की," आमचे मेयर पियेरार म्हणाले, "पण यंत्र आमच्याकडे."

"वा रे एकी!" पलीकडचे मेयर वेडेर्ट फणकारले. "दूध आमच्या गवळ्याचं आणि यंत्र तुमच्या दारात?"

मी गास्पारला खांद्यावर थोपटत ऐकत होते. पोर वाळत चाललं होतं आणि हे दोघे अंगणं मोजत होते. शेवटी न राहवून मीच ओरडले, "मग ठेवा ना मधोमध, हद्दीच्या दगडावर!"

ठेवलं. शेड उभी राहिली, एक दार फ्रान्समध्ये, एक लक्झेंबर्गमध्ये. दूध लक्झेंबर्गच्या दारातून आत जाई. मी बाटली भरून फ्रान्सच्या दाराने बाहेर पडू लागले, तर समोर आमचा जकात नाकेदार फिर्मां.

"वहिनी, परदेशी दूध आहे. जकात भरा."

"फिर्मां, लाज नाही वाटत? तुझ्या बारशाला माझी आई होती!"

"आईला नमस्कार सांगा. जकात भरा."

बाटलीकडे पाहिलं, गास्पारकडे पाहिलं, आणि मागे फिरले. शेडमधल्या शेगडीवर दूध कोमट केलं आणि तिथेच स्टुलावर बसून त्याला पाजलं. पोटातल्या दुधावर कसली जकात? आठवड्याभरात दोन्ही गावांच्या आया तिथे मांडीला मांडी लावून बसू लागल्या. कुणाचं पोर कुणाच्या कडेवर, पत्ता नसायचा. हॅस्केलसाहेबांनी फोटो काढला. डोळे पाणावले त्यांचे. "हाच तो नवा युरोप!"

"साहेब, हा नाकेदाराला चुकवायचा धंदा आहे," मी म्हटलं. त्यांनी तेही हसून लिहून घेतलं.

गास्पारचे गाल भरले. एकदा त्याला घेऊन बाहेर पडले, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच त्याने फिर्मांच्या बुटावर भळकन दूध ओकलं.

फिर्मांने वाकून बूट नीट तपासला.

"वहिनी," तो म्हणाला, "हे मात्र आयात झालं."