माझ्या खोबणीत बसलेली ठेंगणी

मित्रांनो, दुर्बिणीला तुम्ही जिथे डोळा लावता, ती भिंगांची आखूड नळी म्हणजे मी. पुस्तकात मला नेत्रिका म्हणतात, दुकानात आयपीस. भिंगं घासणाऱ्या कारखान्यात मी जन्मले. सध्या मुक्काम घड्याळजींच्या घरी, सुईदोऱ्याच्या डब्यात. का, ते सांगते. आधीच कबूल करते, मी जळते.

घड्याळजींनी आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं जुळवली. शनीचं कडं एकदा बघायचं, एवढी एकच हौस त्यांनी बोलून दाखवली होती. म्हणून लेकीने पहिल्या पगारातून ही छोटी दुर्बीण आणली आणि तिच्यासोबत मी आले. काय रुबाब होता माझा! शेजारीपाजारी गच्चीवर रांग लावायचे, ‘अगंबाई’ म्हणायचे, आणि ते सगळं कौतुक मी माझ्याच नावावर घ्यायचे.

घड्याळजी वाकले की मात्र त्यांचा डोळा भलतीकडेच भिरभिरायचा. त्यांच्या नजरेत मधोमध डाग पडला होता. मला पहिल्याच दिवशी समजलं. ते म्हणायचे, छान दिसतंय हं कडं. लेक खूश व्हायची आणि मी गप्प बसायचे. माझा मान राहत होता ना!

एका संध्याकाळी ते असेच म्हणाले, “वा, आज कडं काय स्वच्छ आहे!” तेव्हा लेकीच्या लक्षात आलं, की दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढायचंच राहिलंय. तिने हळूच झाकण काढलं. दुसऱ्या दिवसापासून ती कॅमेऱ्याच्या मागे लागली. बाबांना शनी पडद्यावर मोठा करून दाखवायचा, असं तिने ठरवलं.

आधी तिने घरातला थोरला कॅमेरा माझ्या जागी लावला. त्या धिप्पाडाच्या वजनाने दुर्बिणीने मानच टाकली, आणि एवढ्या मोठ्या फोटोत शनी मोहरीएवढा! मला अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू. मग दुकानदाराने तिला समजावलं, की ग्रहासाठी मोठा नाही, चपळ कॅमेरा घ्यावा, सेकंदाला शंभरेक चित्रं टिपणारा. हवेने थरथरलेली चित्रं टाकून द्यायची आणि नीट आलेली एकावर एक रचायची.

आणि आली ती ठेंगणी, मुठीत मावणारी कॅमेराबाई. ना रूप, ना डोळा लावायला जागा. बसली थेट माझ्या खोबणीत. सवत परवडली! हिचंही हसं होऊ दे म्हणून मी डब्यात देव पाण्यात घालून बसले.

पडद्यावर चित्र आलं. घड्याळजींनी खुर्ची पुढे ओढली, नजरेतला डाग चुकवायला मान तिरकी केली आणि बराच वेळ बघत राहिले.

“कडं गोळ्याला चिकटलेलं नाही गं,” ते म्हणाले. “मधे फट आहे. सुटं आहे ते.”

“हो बाबा.”

“मला आजवर काही दिसलंच नव्हतं. तू एवढ्या हौसेने आणलीस, कसं सांगणार?”

लेक त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकली आणि म्हणाली, “आता पोटभर बघा.”

मित्रांनो, माझी भिंगं बोटाने पुसू नका, मऊ फडकं घ्या. त्या ठेंगणीवरचा माझा राग काही जात नाही. पण कोणी माझ्यापाशी वाकून ‘छान दिसतंय’ म्हणालं, तर काय दिसतंय ते नीट विचारा. सात वर्षं घड्याळजी खोटं बोलत होते, मला ते ठाऊक होतं, आणि मला ते आवडत होतं.