कल्ल्याची गाळणी

"नाम बोलिए, बाबूजी," काशीच्या राजा घाटावर उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी शिपायानं पाहुण्यांची यादी उघडली.

बिंदुमाधवांनी नुसते हात जोडले. आपलं नाव आपल्या तोंडानं घेऊ नये, ही पंचगंगा घाटावरच्या वैदिक वडिलांची शिकवण. शेजारी शरदिनीबाई, लग्नातला उखाणा सोडला तर त्यांनीही नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. असं हे जोडपं!

खाली उद्घाटन चाललं होतं ते बिंदुमाधवांनीच बनवलेल्या गाळणीचं. ते इंजिनिअरिंग कॉलेजात मिस्त्री होते. घाटावरच्या पंपाची जाळी निर्माल्यानं रोज तुंबायची आणि ती यांनाच उपसावी लागायची. मासा दिवसभर हेच पाणी पितो, त्याचा घसा कसा तुंबत नाही? या एका प्रश्नापायी हा शाकाहारी ब्राह्मण दोन वर्षं मासे धरणाऱ्या मल्लाहाकडून भाकूर माशाची डोकी आणून कल्ले उघडून बघत बसला. कल्ल्यातून पाणी बाजूनं निसटतं, कचरा पुढं घसरत जातो, अडकत नाही. तशी पत्र्याची गाळणी त्यांनी ठोकून काढली. नातेवाइकांनी जेवायला बोलावणं सोडलं. शरदिनीबाई मात्र रोज दारात अंघोळीची बादली भरून ठेवायच्या.

गाळणी चालली. तिच्या नोंदणीचे कागद भरताना कॉलेजातल्या विभागप्रमुखांनी विचारलं, "आइडिया किसका लिखें?"

स्वतःचं नाव कसं घ्यायचं? हे हसून म्हणाले, "मछली का, सर."

साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. कशाला विचारतील?

आता खालून लाउडस्पीकरवर त्या साहेबांचाच आवाज आला. "हमारी टीम को यह प्रेरणा प्रकृति से मिली. हम भाकुर मछली के आभारी हैं!" टाळ्या पडल्या.

"मेहनत तुमची और नाम माशाचं?" शरदिनीबाई कडाडल्या. "तोंडात काय गुळणी धरलीय? बोला ना!"

"असू दे गं. गाळणी चालतेय ना?"

"चालतेय तर! पहिलं तुम्हालाच गाळलं."

बिंदुमाधवांना ते फार लागलं.

शरदिनीबाईंनी पदर खोचला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "बिंदुमाधव यज्ञेश्वर पाटणकर! लिखा है?"

शिपायानं यादीवरून बोट फिरवलं. पान उलटलं, पुन्हा वरपासून पाहिलं.

"नहीं है, माताजी. जरा साइड हो जाइए, मेहमान आ रहे हैं."

शरदिनीबाईंनी नवऱ्याचा हात धरला आणि त्यांना भिंतीकडेला घेतलं.