दुधाच्या पिशव्यांचा समुद्र

मुलुंडच्या एका चाळीतल्या बायका दुधाची रिकामी पिशवी फेकून द्यायच्या. सोनूबाई मात्र घरोघर जाऊन ती मागून आणायची. सोड्याने धुऊन वाळवायची आणि गोल गोल कापत एका पिशवीची एकच लांब पट्टी काढायची. अशा शेकडो पट्ट्या तिने जुन्या खाटेच्या चौकटीवर विणल्या. पिशव्यांवरच्या निळ्या छपाईचा समुद्र झाला, कापडदुकानाच्या लाल पिशव्यांची होडी.

महिला मंडळाच्या प्रदर्शनात सेक्रेटरी क्षमाताईंनी नाक मुरडलं. "कचरा आहे हो हा!"

"एक खिळा द्या. बाकी काही नको," सोनूबाई म्हणाली.

कोपऱ्यातला खिळा मिळाला. पण दुपारपर्यंत वीण सैल पडली, समुद्र खाली लोंबला. "होडी बुडाली की!" कुणीतरी हसलं. सोनूबाईने ते गुंडाळलं आणि घरी येऊन उसवायला बसली.

तिचा नवरा सीताराम दारात पेपर धरून बसला होता. बावीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढलेला माणूस. संपात नोकरी गेली तेव्हापासून, दोन वर्षं, तो असाच बसून असायचा.

"सोडून दे ना आता," तो म्हणाला.

"वीण उसवतेय. काम नाही सोडत."

तो बघत राहिला. मग उठला, एक पट्टी उचलून ओढली. ती वीतभर वाढली.

"असा नाय गो. हे ताणलं की वाढतं. आधी वजन लावून ताणून घ्यायचं, मग विणायचं."

"एवढं ठाऊक होतं, तर गप्प का बसलात?"

"तू विचारलंस कुठे?"

सोनूबाईला रागच आला. पण तो गिळून ती म्हणाली, "आता विचारते. वजन किती?"

मग गॅलरीभर विटा बांधलेल्या पट्ट्या लोंबू लागल्या. शेजारी वाकून जायचे, कुरकुरायचे. सीतारामने चौकटीवर उभ्या पट्ट्या ताणून बांधल्या, तिने त्यांत चित्र विणलं. बोटं कापली, तर चिंधी गुंडाळून ती पुन्हा बसायची. तो रंगात लुडबुड करायला लागला की त्याचा हात बाजूला सारायची.

पुढच्या वर्षी प्रदर्शनात तिने दारासमोरची भिंतच मागितली. क्षमाताईंनी कुरकुरत दिली. चार दिवस समुद्र बोटभरही हलला नाही.

"बायकांना शिकवाल?" शेवटच्या दिवशी क्षमाताईंनी विचारलं.

"शिकवीन. पण पट्ट्या ताणायला आमचे हे येतील."

"महिला मंडळात पुरुष?"

"त्यांच्याशिवाय होडी बुडते, ताई. तुम्ही पाहिलंय."

मंडळातल्या पहिल्या शिकवणीच्या दिवशी, गुरुवारी, सोनूबाई धुतलेल्या पिशव्या थैलीत भरत होती, तेव्हा सीताराम दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून केव्हाचा दारात उभा होता.