मार्गशीर्षातला मुहूर्त

"पण डॉक्टर, किती दिवस?" त्रिविक्रमने पुन्हा विचारलं.

अनुसूयाची शस्त्रक्रिया झाली होती ती पित्ताशयातल्या खड्यांसाठी. काढलेलं पित्ताशय रीतीप्रमाणे तपासणीला गेलं आणि त्यात गाठ निघाली. तीही नेहमीच्या कॅन्सरची नव्हे. संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशींची गाठ, पित्ताशयात क्वचितच होणारी. यकृतावरही डाग दिसत होते.

"मी स्वतः असा रोगी पाहिलेला नाही," डॉक्टर कानडीत म्हणाले. "वाचलंय त्यातले बहुतेक वर्षाच्या आत गेले. पण मुळात लिहिलंच थोड्यांबद्दल गेलंय. तुमच्या पत्नीचं नक्की कसं सांगू? सलाइनमधून औषधं देऊन बघू."

त्रिविक्रम चिकपेटेत साड्यांच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकापुढे तासन्‌तास शांतपणे घड्या उलगडणारा माणूस, पण त्या आठवड्यात त्याचा पाय कुठे ठरेना. हिरवी मागितली की निळी काढायचा. शेवटी एका दुपारी दुकानातून उठला आणि मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांना, विश्वासरावांना, भेटून आला.

घरी अनुसूया पोटावर हात दाबून तांदूळ निवडत बसली होती.

"नयनाचं लग्न वैशाखाऐवजी मार्गशीर्षात उरकू म्हणतो," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "विश्वासरावांची हरकत नाही."

"आणि तिची परीक्षा? बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे."

"देईल पुढच्या साली."

"हासनला नांदायला गेल्यावर? कोण बसू देईल तिला?"

तो उठला, पाणी प्यायला, परत खिडकीशी गेला.

"अहो, स्वल्प बसा. डॉक्टर काय म्हणाले?"

"औषधं देणार आहेत."

"माझ्याकडे बघून सांगा."

त्याने सांगितलं. 'वर्ष' हा शब्द मात्र त्याने अर्ध्यातच सोडला. तो तिनेच पुरा केला.

तिने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मला शाळेतून उठवून बोहल्यावर उभं केलं. आईचं काही खरं नाही म्हणून. आई त्यानंतर कितीतरी वर्षं जगली. मी नाही जगणार, सरी, मान्य. पण पोरीला उठवायचं नाही."

"तुला अक्षता टाकायच्या नाहीत?"

"टाकायच्या आहेत हो," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

संध्याकाळी नयनाला सगळं तिनेच सांगितलं. परीक्षा सोडते म्हणून नयना हटून बसली, रडली. अनुसूया बधली नाही. मार्गशीर्ष गेला. सलाइनमधल्या औषधांनी केस गेले, अन्न नकोसं झालं. नयना अभ्यासाला बसली की ती तिच्या शेजारीच आडवी होई. माघात ती गेली.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. शेवटच्या पेपरला त्रिविक्रम मल्लेश्वरमच्या कॉलेजबाहेर येरझाऱ्या घालत होता. नयना बाहेर आली.

"कसा गेला?"

"बरा गेला, अण्णा."

दोघं स्टॉपवर येऊन उभी राहिली. कुलूपबंद घराकडची बस आली, बरीचशी रिकामीच होती. कंडक्टरने हाक दिली, क्षणभर वाट पाहिली आणि शिट्टी मारली. बस निघून गेली. दोघंही तिथंच उभी होती.