मौलासाबची पेटी

विरुपाक्षनं पिशवीतून जरीच्या काठाची हिरवी टोपी काढली आणि मौलासाबच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं बसवली. मग मागं सरून नीट बघितलं.

"आता कसं शोभतंय, चाचा. दाढी बी आणलीय, नाटक कंपनीची."

"दाढी नको," मौलासाब म्हणाले. "घाम येतो."

टोपीला कुणा दुसऱ्याच्याच तेलाचा खवट वास येत होता. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या शिवकांतापर्यंत तो पोचत होता. तिच्याही कपाळावर मघाशी एका बाईनं पांढरे पट्टे ओढले होते. ते भस्म नव्हतं, टाल्कम पावडर होती. घामाबरोबर ती ओघळत होती आणि गुलाबाचा गोडूस वास ओठांपर्यंत उतरत होता.

मुरुम गावच्या मंगल कार्यालयात सर्वधर्म संगीत संध्या होती. विरुपाक्ष समितीचा अध्यक्ष. शिवकांता वीसेक वर्षं दर सोमवारी लिंगायत मठात कानडी वचनं, म्हणजे भक्तीची पदं, म्हणायची आणि पेटीवर मौलासाब असायचे. गावात कुणालाच कधी त्याचं नवल वाटलं नव्हतं.

"काकू, आधी तुमचं," विरुपाक्ष म्हणाला. "म्युझिक पेनड्राइव्हवर हाय. चाचा नंतर, एकटे, कव्वाली."

"माझ्या साथीला पेटीवर हेच असतात."

"मठात असू द्या की. इथं लांबून पाहुणे आलेत. कोण कुठल्या धर्माचं, ते फोटोत दिसाय पाहिजे. दोघं एका सतरंजीवर बसलात तर काय कळंल त्यांना?"

तो फोन कानाला लावून बाहेर गेला. शिवकांतानं पदरानं ओठ पुसले.

"तुम्हाला कव्वाली येत न्हाय, हे सांगितलं का त्याला?"

"ईचारलंच न्हाय त्यानं."

"आन् तुम्ही गप बसलात?"

मौलासाब भिंतीवरच्या आरशात बघून टोपी सारखी करत होते. "अक्का, मठात दहा-बारा डोकी असतात. त्यातली निम्मी पेंगतात. भायेर डोकवून बघा, हॉल भरलाय."

तिचं नाव पुकारलं गेलं. ती माइकपुढं बसली आणि स्पीकरमधून ढोलकी, बासरी, आणखी कसकसले आवाज एकदम अंगावर आले. लय लग्नातल्या वरातीची होती. ती शब्दांमागं धावत राहिली. एक ओळ सुटली, दुसरी अर्धीच आली. ट्रॅक संपला तेव्हा ती अजून कडव्यातच होती. तरीही टाळ्या कडाडल्या. पाहुण्यांनी शाल घातली, फोटोसाठी तिचा हात धरून ठेवला. पाहुण्यांचा हात ओला होता. खाली उतरल्यावर तिनं आपला तळवा साडीला पुनःपुन्हा घासला.

"आणि आता सुफी संगीत," निवेदक म्हणाला.

मौलासाब पेटी घेऊन बसले. त्यांनी भाता ओढला. पहिल्या सुरांतच शिवकांतानं ओळखलं. तिनं आत्ता ज्याची वाट लावली होती, तेच वचन. फक्त संथ, जसं सोमवारी असतं तसं. शब्द नव्हते. हॉलमधली कुजबूज हळूहळू थांबली.

विरुपाक्ष तिच्या शेजारी येऊन टेकला. "ऐकताय नव्हं, काकू? ह्या लोकांचं संगीतच निराळं."

त्याच्याकडं न बघता ती उठली, शाल खुर्चीवर टाकली आणि स्टेजच्या पायऱ्यांशी गेली. वर जायचं, त्यांच्या उजव्या हाताला बसायचं आणि शब्द म्हणायचे. मग कळू दे सगळ्यांना.

मौलासाबनी डोळे उघडले. तिला पायरीवर पाहिलं. बोटं न थांबवता त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, नको म्हणून.

ती तिथंच कठडा धरून उभी राहिली. विरुपाक्षपुढं तिची फजिती होऊ नये म्हणून ते नको म्हणाले असतील, असं तिला वाटलं. पुढच्या रांगेतला कुणीतरी "वाहवा" म्हणाला, आणि मौलासाबच्या चेहऱ्यावर तिनं कधी न पाहिलेलं हसू आलं.

कडवं चढणीला लागलं. त्या जागी तिला श्वास घेता यावा म्हणून ते दर सोमवारी क्षणभर पेटी रोखायचे. शिवकांतानं सवयीनं श्वास घेतला.

पेटी थांबली नाही.