बाहेरचा आठवडा

उमेरा आली तो बाहेरचा आठवडा होता. आठवड्याला हे नाव मीच दिलेलं. एका आठवड्यात बाळंतिणीची आई, बहीण, सासू, जी कोणी सोबत असेल ती लेबर रूममध्ये येते. दुसऱ्या आठवड्यात तिनं बाहेर बाकावर बसायचं, आमच्या प्रसूतिगृहाची जुनी पद्धत होती तसं. मग दोन्हींची तुलना. आपलं माणूस हाताशी असलं तर बाळंतपण सोपं जातं का, हा माझ्या पीएचडीचा विषय. कामरगावात कोणालाही विचारा, हातातलं काम न थांबवता उत्तर देईल. पण आमच्या डॉक्टरांना पुरावा हवा होता. पुरावा आणा, दार कायमचं उघडतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. शिवाय नर्सच्या नावामागे डॉक्टर लागलेलं मलाही पाहायचं होतं, खोटं कशाला बोलू.

उमेरा जऊळक्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दुपारपर्यंत तिच्या कळा बऱ्या चालल्या होत्या, मग मंदावल्या. बाळाचे ठोके ठीक होते. पोरगी मात्र भेदरली होती.

"अम्मीले बलवा ना, शिस्टर," ती म्हणायची आणि दाराकडे हाका मारायची.

मी तिचा हात धरला. लगेच वाटलं, मीच इतका आधार दिला तर तुलना कसली राहिली? म्हणून सोडला. ती कण्हली, पुन्हा धरला. खोलीत येरझारा घालून माझेच पाय दुखायला लागले, तेव्हा व्हरांड्यात जाऊन मी गाईडना फोन लावला.

"तिच्या जिवाला धोका आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग दार बंदच ठेव, वैभवी. एकदा नियम मोडलास की प्रत्येकीसाठी मोडशील."

त्यांचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला संताप आला. कारण उत्तर मला केव्हाच कळलं होतं. आतल्या आठवड्यातल्या बायका कशा बाळंत होतात ते मी डोळ्यांनी पाहत होते. जे माहीत होतं तेच सिद्ध करायला मी एका आईला बाकावर बसवलं होतं.

आतून पुन्हा हाक आली. मी तरातरा बाकाजवळ गेले. उमेराच्या आईनं, मेहरबीनं, ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. लेकीच्या हाकेला चुकून ओ जाऊ नये म्हणून.

"चाची, आत चला."

तिनं बोळा काढला, पण उठली नाही. "हा हप्ता बाहेरचा हाय ना? तुमीच तं सांगतलं, मी बाहेर बसली तं पुढच्या बायांचं भलं होईन. मी दुआ करून राह्यली. तुमी जा, पोरीपाशी थांबा."

संमतीपत्रावर सही घेताना मी असंच समजावलं होतं, आणि माझ्या समजावण्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता. आता तोच शब्द ही बाई माझ्यापेक्षा घट्ट धरून बसली होती. मी तिच्यावर खेकसले. राग खरं तर माझा मलाच आला होता.

"चाची, उठा म्हणते ना."

दंडाला धरून मी तिला आत नेलं. तिनं लेकीच्या कमरेवर तळवा दाबला, कानाशी काहीबाही बोलत राहिली. उमेराचा श्वास जागेवर आला, थोड्या वेळानं कळाही वाढल्या. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली. मला आनंद झाला, मनापासून झाला. पण उद्या येणाऱ्या बाईच्या आईला मी कोणत्या तोंडानं बाहेर बस म्हणणार होते? आणि तसं म्हटलं नाही, तर इतक्या दिवसांचं काम गेलं.

मी बाळाला पुसत होते. मेहरबी शेजारी येऊन उभी राहिली.

"शिस्टर, आमच्या गल्लीतली तुळसाबाई हाय ना, मांगच्या महिन्यात तिच्या पोरीचं बी इथंच झालं. ते बी त्याच बाकावर बसली होती. तिची पोरगी बी अशीच हाका मारे, म्हणे." तिनं ओढणी डोक्यावर सारखी केली. "मंग तिले काहून नाही बलावलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी बाळ गुंडाळून तिच्या हातात दिलं, तरी ती नातीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली.